तात्यासाहेबांच्या गळ्यातली किल्ली

माझा उजवा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या पोटात होता, तेव्हा पोलिसांची जीप दवाखान्यासमोर येऊन थांबली.

"चौंडे डॉक्टर कोण?"

"मीच. पण हात मिळवायला जमणार नाही, साहेब."

मी काही खरा डॉक्टर नव्हे. पशुधन पर्यवेक्षक. पण शेंदूरघाटच्या पंचक्रोशीत ढोराला सुई टोचतो तो डॉक्टरच. रेडकाची मान आत उलटी वळली होती. ती सरळ करून त्याला ओढून काढेपर्यंत पीएसआय कुलथे जीपला टेकून उभे राहिले. घाई केली नाही की नाक दाबलं नाही. रेडकू खाली पडलं, फुरफुरलं, तसे ते म्हणाले, "धुवा हात आणि चला. पंच पाहिजे. सरकारी माणूसच लागतो."

"म्हशीची वार पडायचीय अजून."

"तासाभरात आणून सोडतो."

कुठं जायचं ते त्यांनी गाडी सुरू झाल्यावर सांगितलं. "तात्यासाहेबांच्या बंगल्यावर. झडती आहे."

तात्यासाहेब कवळगावकर म्हणजे आमचे आमदार, एकदा मंत्री होऊन गेलेले. तालुक्यातल्या शाळा त्यांच्या, कॉलेज त्यांचं, आणि नदीतली वाळूही त्यांचीच. वाळू सरकारची असते हे फक्त कागदावर. मागच्या सीटवर एक ग्रामसेवक आधीच बसवलेला होता. तो दुसरा पंच. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. मला बघून त्याला जरा धीर आला असावा, कारण तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्हालाबी धरलं का?"

चारच दिवसांपूर्वी नदीच्या घाटावर शिवकांता पांचाळ नावाची तलाठी मेली होती. सत्तावीस वर्षांची पोर. वाळूचा टिप्पर अडवायला आडवी उभी राहिली आणि टिप्पर तिच्या अंगावरून गेला. ड्रायव्हर म्हणाला, ब्रेक लागला नाही. पण घाटावरची माणसं हळू आवाजात वेगळंच बोलत होती. टिप्परच्या मागं तात्यासाहेबांची गाडी उभी होती, तात्यासाहेब स्वतः काच खाली करून ओरडले, "बघतो काय, घाल," आणि ती पोरगी हे सगळं मोबाईलवर टिपत होती, असं. मोबाईल मात्र सापडला नव्हता. घाटावरचा एकही माणूस पुढं येऊन सही करायला तयार नव्हता. शेवटी ड्रायव्हरच फुटला, मोबाईल बंगल्यावर आहे म्हणाला.

बंगल्यावर माणसांची ही गर्दी. कुलथे सरळ आत शिरले. वयानं पस्तिशीचा माणूस, परभागातला, अजून तात्यासाहेबांच्या हातचा चहा न प्यालेला. दिवाणखाना झाला, कचेरी झाली. मग देवघर. शिसवी देव्हारा, त्याच्याखाली कपाट, कपाटाला कुलूप.

"किल्ली द्या, साहेब. नाहीतर तोडावं लागेल."

तात्यासाहेबांच्या बायकोनं मोठ्यानं हंबरडा फोडला. "अहो, देवाच्या कपाटाला हातोडा लावू देऊ नका हो!"

तात्यासाहेब शांतपणे पुढं आले. सदऱ्याची वरची दोन बटणं सोडली. गळ्यात काळा गोफ होता, त्यात एक पितळी किल्ली. त्यांनी गोफ डोक्यावरून काढला आणि कुलथ्यांच्या हातात ठेवला. मग त्यांची नजर माझ्याकडं गेली. माझ्या शर्टाला म्हशीच्या पोटातलं लागलेलं होतं.

"तू कोण रे?"

"ढोराच्या दवाखान्यातला, तात्यासाहेब."

ते हसले. "मग नीट बघून घे बाबा. पुढं कामाला येईल."

कुलूप उघडलं. आत सोवळ्याचा कद, त्यात गुंडाळलेला मोबाईल. काच फुटलेली, मागच्या बाजूला नेलपॉलिशनं काढलेला छोटा 'शि'. तो त्यांनी नदीत फेकून का दिला नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. माज, दुसरं काय. आपल्या देवघरापर्यंत कुणी येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसणार.

बाहेर तेवढ्यात आरडाओरडा सुरू झाला. जीपच्या काचेवर दगड बसला. पंचनामा खरं तर तिथंच लिहायचा, पंचांना वाचून दाखवायचा, मग सह्या. पण तिथं बसून लिहिलं असतं तर आमचाच पंचनामा झाला असता. कुलथ्यांनी मोबाईल पिशवीत घालून लाखबंद केला, आम्हाला गाडीत कोंबलं आणि थेट ठाणं गाठलं.

ठाण्यात हवालदार लिहायला बसला. त्याचं अक्षर सुंदर होतं आणि वेग गोगलगायीचा. इकडं माझा जीव म्हशीत. वार आत राहिली तर सडते, जनावर हातचं जातं.

मी म्हणालो, "साहेब, कोऱ्यावर सही करून जातो. मागनं लिहून घ्या."

कुलथ्यांनी मान हलवली. "तसं बरोबर नाही, डॉक्टर."

"अहो, मी तुमच्याबरोबर होतो की! डोळ्यांनी बघितलंय. काय खोटं लिहिणार आहात का?"

आणि मी दोन कोऱ्या कागदांवर तळाशी सह्या ठोकल्या. माझं बघून ग्रामसेवकानंही ठोकल्या.

यात मला काहीच वावगं वाटलं नाही, हे आधी सांगून टाकतो. आमच्या खात्यात कोऱ्या कागदावर सही न करणारा माणूस म्हणजे एकतर नवा, नाहीतर निवृत्तीला आलेला. मेलेल्या जनावरांचे दाखले, लसीकरणाचे तक्ते, सगळे आम्ही आधी सही करून ठेवायचो आणि मजकूर सवडीनं भरायचो. साहेब लोकही तेच करायचे. त्याला आम्ही विश्वास म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी कुलथ्यांनी मला बोलावून लिहिलेला पंचनामा वाचून दाखवला. अक्षर न् अक्षर खरं होतं. 'आरोपीने सदर कपाटाची किल्ली स्वतःच्या गळ्यातील काळ्या गोफातून काढून दिली.' शेवटी नेहमीचं वाक्य, पंचनामा जागीच लिहिला, वाचून दाखवला, बरोबर आहे. त्या वाक्याला आम्ही दोघंही हसलो.

दोन महिन्यांत कुलथ्यांची बदली झाली. मोबाईलमधलं सगळं पुसलेलं निघालं. ड्रायव्हरनं जबाब फिरवला, म्हणाला पोलिसांनी मारून वदवून घेतलं. तात्यासाहेब जामिनावर सुटले, हार घालून घेतले, आणि एक निवडणूकही जिंकले. खटला उभा राहायला तीन वर्षं गेली. ग्रामसेवकाची साक्ष माझ्या आधी झाली. तो कोर्टात म्हणाला, मी बंगल्यात गेलोच नव्हतो, गाडीतच बसून होतो. सरळ फितूर झाला. आता मोबाईल कपाटात होता हे पोलीस सांगत होते, पण ते कपाट बंगल्यातल्या पन्नास माणसांपैकी कुणाचंही असू शकत होतं. किल्ली कुणाच्या गळ्यात होती, हे पोलीस सोडून सांगू शकणारा एकच माणूस उरला होता. तो मी.

समन्स आलं त्याच आठवड्यात एका दुपारी धोंगडे सर घरी आले. सर मला आठवी ते दहावी शिकवायला होते. पुढं तात्यासाहेबांच्या कॉलेजचे प्राचार्य झाले. खोटं बोललेलं पकडलं की छडी न मारता नुसते बघत राहायचे, आणि ते छडीपेक्षा वाईट असायचं. मी पाया पडलो. बायकोनं पोहे केले. सरांनी सगळे पोहे खाल्ले, पाणी प्याले, मग बोलले.

"रंगनाथ, तुझी साक्ष आहे म्हणे."

"होय, सर."

"मी तुला खोटं बोल म्हणायला आलेलो नाही. ते या तोंडातनं निघणार नाही."

सरांनी रिकामी बशी बाजूला सरकवली.

"तू सही केलीस तेव्हा कागद कोरा होता ना?"

हे त्यांना कसं कळलं? ग्रामसेवकानंच सांगितलं असणार. "होय, सर."

"मग तेवढं खरं सांग. शपथ घेऊन खरं बोलायचं, यात कुणाला भ्यायचं? आणि बाकीचं, तीन वर्षं झाली बाबा. मला काल काय जेवलो ते आठवत नाही. जे नीट आठवत नाही ते आठवत नाही म्हणावं. तेही खरंच असतं."

"पण सर, किल्ली..."

त्यांनी हात वर केला. "मला काही सांगू नकोस. मी साक्षीदार नाही." मग उठता उठता, पायात चप्पल सरकवताना, अगदी सहज, "मुलगी कवळगावच्या शाळेत शिकवते ना तुझी? तिच्या नेमणुकीची मान्यता अजून आली नाही म्हणे. येईल, येईल. पोरगी गुणी आहे."

एवढंच. धमकी नाही, आमिष नाही. ते गेल्यावर बायको म्हणाली, "किती साधा माणूस!"

साक्षीच्या दिवशी सरकारी वकील तांबोळी बाईंनी मला सकाळी त्यांच्या खोलीत बोलावलं. बारीक अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत.

"चौंडे, पंचनामा ठाण्यात लिहिला, हे मला माहीत आहे. विचारलं तर खरं सांगा, लपवू नका. कोऱ्यावर सही केली असेल तर तेही सांगा. पंचनामा पडला तरी पडू दे. तुमचे डोळे उभे आहेत ना? किल्ली त्यांच्या गळ्यातून निघाली, हे तुम्ही तुमच्या तोंडानं, तुमच्या शब्दांत सांगा. बास."

"होय, मॅडम."

गंमत बघा. दोन्ही बाजू मला खरंच बोल म्हणत होत्या.

कोर्टात जागा नव्हती. तात्यासाहेब आरोपीच्या बाकावर हात जोडून बसले होते, सत्संगाला आल्यासारखे. त्यांनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. शेवटच्या बाकावर एक म्हातारा बसला होता, धोतर, पांढरी टोपी, बोटांची नखं तुटकी. शिवकांताचा बाप, वैजनाथ पांचाळ, गावचा सुतार. तीन वर्षांत एकही तारीख चुकवली नाही, असं शिपायानं मला आधीच सांगितलं होतं. एस.टी.नं यायचा, बसायचा, तारीख पडली की परत जायचा.

मी ईश्वराची शपथ घेतली. तांबोळी बाईंनी सुरुवात केली. कुठं गेलात, कुणाबरोबर गेलात. मी सांगितलं. देवघर सांगितलं. मोबाईल सांगितला, नेलपॉलिशचा 'शि' सांगितला. म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कपाटाला कुलूप होतं?"

"होय."

"कुणी उघडलं?"

"पीएसआय साहेबांनी."

"त्यांना किल्ली कुणी दिली?"

आता सांगतो, त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं काय होतं. काळा गोफ होता. सोडलेली दोन बटणं होती. छातीवरचे पांढरे केस होते. 'नीट बघून घे बाबा' हा आवाज कानात होता. सगळं जिथल्या तिथं होतं. आणि माझी लेक होती, मान्यतेच्या पत्राची वाट बघत डाक उघडणारी.

"तिथं गर्दी होती," मी म्हणालो. "नीट आठवत नाही."

बाई दोन पावलं पुढं आल्या. "नीट आठवा. आरोपी तुमच्यासमोर उभे होते. किल्ली कुठून काढली?"

"आठवत नाही, मॅडम."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. धोंगडे सर बघायचे तसंच. मग न्यायाधीशांकडं वळून म्हणाल्या, साक्षीदार फितूर झाला आहे, उलटतपासाची परवानगी असावी. परवानगी मिळाली. त्यांनी पंचनामा माझ्यापुढं धरला.

"ही सही तुमची?"

"माझी."

"वर लिहिलंय, किल्ली आरोपीनं स्वतःच्या गळ्यातून काढून दिली. हे खरं की खोटं?"

आणि इथं मी ते खरं बोललो. चांगलं खणखणीत बोललो. मघापासून पुटपुटत होतो, आता आवाज फुटला.

"मी सही केली तेव्हा कागद कोरा होता."

कोर्टात कुजबुज उठली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि वाक्य जसंच्या तसं टंकलेखकाला सांगितलं. तात्यासाहेबांचे वकील उठले, गोड हसले. "किती कागद?"

"दोन."

"आपण सत्य सांगितलंत, आभारी आहे," म्हणाले आणि बसले.

मी पिंजऱ्यातून उतरलो. मनात, खोटं कशाला सांगू, एक प्रकारची फुशारकी होती. मी खरं बोललो होतो की नाही? न भिता बोललो होतो. दुसऱ्या दिवशी एका पेपरात चौकट आली, 'पंचाच्या प्रामाणिकपणानं पोलिसांचं बिंग फुटलं.' लोकांनी ती मला वाचून दाखवली. पण ते पुढचं झालं.

बाहेर व्हरांड्यात मी नळावर तोंड धुतलं. वळलो तर म्हातारा मागं उभा. मला वाटलं, आता हा थुंकणार तोंडावर. थुंकला असता तर बरं झालं असतं. त्यानं हात जोडले.

"राम राम, डॉक्टर. तुम्ही खरं बोललात. कोऱ्या कागदाचं दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. आमची पोरगीबी तशीच होती. जे हाय ते हाय म्हणायची."

"बसा ना, मामा," म्हणालो. तो बसला नाही.

"एकच इचारायचं होतं. रागावू नका. ती किल्ली... त्याच्याच गळ्यातली होती का ओ? तिची आई रोज इचारती मला. म्हणती, मोठा माणूस हाय, उगं कुणाचा तळतळाट नको घ्यायला. खरं काय ते कळलं तर बरं."

आजूबाजूला कुणी नव्हतं. एक वकील दूर उभा राहून सुपारी कातरत होता.

"त्याच्याच," मी म्हणालो. "काळ्या गोफात होती. मी बघितली."

बघा, किती सोपं होतं. घसा अडला नाही की आकाश कोसळलं नाही. अर्ध्या तासापूर्वी जे माझ्या तोंडातून निघेना, ते नळाजवळ भडाभडा निघालं.

म्हातारा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला मी. नव्हता. सुतार लाकूड उलटसुलट करून बघतो, तसा तो काहीतरी जुळवत होता. मग त्यानं कोर्टाच्या दाराकडं बोट केलं.

"जजसाहेब बसलेत की अजून. चला ना, आत जाऊन येवढं सांगा. मी येतो संगं."

दार उघडंच होतं. दहा पावलं असतील. आतून पुढच्या खटल्याचा पुकारा ऐकू येत होता.

"तसं नाही होत, मामा," मी म्हणालो. "एकदा साक्ष झाली की झाली. कायद्यात बसत नाही."

"नाही बसत?"

"नाही."

"मग काय इलाज," तो म्हणाला. टोपी डोक्यावर घातली, परत हात जोडले आणि स्टँडच्या रस्त्याला लागला. त्याला वाटलं, मी शिकलेला माणूस, मला कायदा कळतो.

मला कायद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तोंडाला आलं ते ठोकून दिलं.

निकाल लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसा तो ड्रायव्हर निष्काळजीपणाखाली दीड वर्ष आत गेला. तात्यासाहेब निर्दोष. निकालपत्रात माझ्या कोऱ्या कागदांवर अख्खं एक पान होतं. लेकीची मान्यता आली. माझी काही बदनामी झाली नाही, उलट मान वाढला. कुलथ्यांची मात्र खात्यात चौकशी लागली, आणि ती बरीच वर्षं चालली, असं ऐकलं. त्यांना मी एक पत्र लिहायला घेतलं होतं. पहिल्या ओळीच्या पुढं गेलो नाही.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. मी निवृत्त होऊन जिल्ह्याच्या गावी राहतो. गल्लीत कुणाचं कुत्रं-मांजर आजारी पडलं की बोलावतात. गेल्या वर्षी शेजारच्या कॉलनीतल्या एका वकिलाच्या कुत्रीला टाके घालायला गेलो होतो. तरुण पोरगा, कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. टाके घालता घालता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, एखाद्या साक्षीदाराला साक्ष दिल्यावर काही आठवलं, तर?

"आठवलं तर सरकारी वकिलाला सांगायचं, काका. एक साधा अर्ज. कोर्ट परत बोलावू शकतं."

"कधीपर्यंत?"

"कधीही," तो म्हणाला. "निकाल लागेपर्यंत कधीही."

मी दोरा कापला. त्यानं किती द्यायचे विचारलं, मी काही नको म्हणालो.

माझ्या साक्षीनंतर निकाल लागायला साडेचार महिने लागले होते.